गुणीचं दुखणं

संप सुरू होऊन आठ महिने झाले, तेव्हा लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत दोघंच उरली होती. लहू घाडी आणि त्याची थोरली मुलगी गुणवंती. बायको शेवंती धाकट्या दोघांना घेऊन जूनमध्येच कणकवलीकडच्या गावी गेली होती. गावच्या तुकड्यात भात लावलं तर निदान पोरांच्या तोंडात घास पडेल, असं दोघांनी ठरवलं होतं. गुणीचं दहावीचं वर्ष, म्हणून ती मुंबईत राहिली. आणि तिला एकटीला ठेवता येत नाही, म्हणून लहू राहिला.

बावीस वर्षं गिरणीत मागावर उभा राहिलेला माणूस आता सकाळी तांदूळ निवडत बसायचा. भात त्याला जमत होता, आमटी जमत नव्हती. गुणी तक्रार करायची नाही. तिला तशी भूकच कमी असायची. शिवाय महिन्यातले तीन-चार दिवस ती पोटाशी उशी धरून, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. लहूने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला होता. बायकांचं काहीतरी. शेवंती असती तर तिने बघितलं असतं. त्या दिवसांत तो खोलीबाहेर गॅलरीत बसून राहायचा, आणि न विचारता कपभर चहा करून तिच्या उशाशी ठेवायचा. यापलीकडे त्याला काही सुचत नसे.

गणपती होऊन पंधरा दिवस झाले असतील. शेजारच्या सखुबाईने त्याला नळावर गाठलं. सखुबाई साठीची. तिच्या खोलीत गिरणीवाल्यांची खानावळ चालायची. संपात जेवणारे गावी पांगले आणि ती मोकळी पडली. अधूनमधून वाटीभर आमटी ती लहूच्या घरी पोचवायची.

"लहू, पोरीकडे लक्ष आहे ना तुझं?"

"का, मावशी?"

"काल दोरीवर कपडे घालत होती. हात वर केले तेव्हा दिसलं मला." सखुबाईने आवाज खाली आणला. "पोट बघ तिचं. मी पाच पोरं काढलीत. मला कळतं."

लहूने भरलेली बादली उचलली आणि निघून आला. संध्याकाळी गुणी पलंगाखालून ट्रंक ओढायला वाकली, उभी राहिली, तेव्हा त्याने बघितलं. हातापायांच्या काड्या झालेल्या, गालफडं बसलेली, आणि ओटीपोट तेवढं गोल, ताणलेलं.

समोरच्या अंगाला उत्तम राहायचा. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. शिकवणी लावणं लहूला शक्य नव्हतं म्हणून उत्तमच आठवड्यातून तीनदा येऊन गॅलरीत गुणीला बीजगणित शिकवायचा. दार सताड उघडं, येणारे-जाणारे बघायचे, पण लहूला आता ते दार आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं ते एवढंच, की संपाच्या सभांना तो दुपारी घर सोडून जायचा.

त्याने गुणीला समोर बसवलं.

"कोण?"

"कोण म्हणजे?"

"खोटं बोलू नको. कोण आहे तो?"

गुणीला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिच्या गप्प बसण्याने लहूचा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला मारलं. एकच थप्पड, पण ती भिंतीला जाऊन टेकली. रडली नाही. पोटावर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी लहूने नाक्यावर चार लोकांत उत्तमची कॉलर धरली. "काका, मी फक्त गणितं सोडवून घेतो हो," एवढंच उत्तम म्हणत राहिला. लोकांनी सोडवलं. त्याच संध्याकाळी उत्तमच्या आईने त्याला फणसवाडीला मामाकडे पाठवून दिलं. चाळीत ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही आता ठाऊक झालं. लहूने गुणीची शाळा बंद केली आणि शेवंतीला तार केली: ताबडतोब निघ.

सखुबाई रात्रीची भांडी घासून आली आणि दारातच उभी राहिली. तिच्या मनात वाईट नव्हतं. तिच्या परीने ती पोरीला वाचवायलाच बघत होती.

"शेवंती येईस्तोवर थांबू नको. दिवस वाढत जातील. काळाचौकीच्या पलीकडे एक बाई आहे, मोकळं करून देते. मी शुक्रवारी घेऊन जाते. कुणाला कळायचं नाही."

लहूने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सखुबाईने हो धरलं.

त्याच्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जाईना. तो बारा वर्षांचा असताना गावी त्याची मोठी बहीण सुंदरा सुइणीच्या हातून गेली होती. बाळंतपण अडलं, सुईण दिवसभर खटपट करत राहिली, आणि मग कुणी काही बोललं नाही. बापाने मागच्या परड्यात नेऊन जाळलेली ती चटई त्याने बघितली होती. ती बहीण निदान लग्नाची, चार माणसांत रीतसर बाळंत होणारी होती.

गुरुवारी सकाळी गुणी चाळीच्या टोकाच्या संडासात चार वेळा जाऊन आली. पाचव्या वेळी परत आली तेव्हा भिंत धरून चालत होती.

"काय झालं?" दोन दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता.

"लघवी होत नाही," ती म्हणाली. बापाला हे सांगताना तिने डोळे मिटून घेतले. "काल संध्याकाळपासून."

लहूने पायात चपला सरकवल्या. "इथेच बस. मी आलो."

म्युनिसिपालिटीचा दवाखाना पाच मिनिटांवर होता. तिथल्या नर्स रमाबाईंना सगळी चाळ ओळखायची आणि सगळी चाळ टाळायची, कारण त्या कुटुंबनियोजनाच्या. आणीबाणीच्या दिवसांत त्या चाळीत आल्या की पुरुष मागच्या जिन्याने पसार होत. लहू स्वतः दोनदा गच्चीवर जाऊन लपला होता. आज तो बायकांच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या बाईने वळून बघितलं, सरकून जागा केली. त्याचा नंबर आला तेव्हा त्याला सुरुवात करता येईना.

"घाडी ना तुम्ही?" रमाबाई म्हणाल्या. "बायको गावी गेली म्हणून ऐकलं. बोला."

"मुलगी आहे माझी. सोळावं चालू आहे." तो टेबलाकडे बघत राहिला. "तिला... लोक म्हणतात दिवस गेलेत. उद्या एका बाईकडे न्यायचं ठरलंय. पण आज तिला लघवीच होत नाही."

रमाबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या बाईकडे, ते मी विचारत नाही. तिला आत्ता, या मिनिटाला इथे घेऊन या."

तो गुणीला घेऊन आला. सखुबाईही मागून धापा टाकत आली. रमाबाईंनी दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि हिरवा पडदा ओढला. बाकावर बसलेल्या लहूला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"नाव काय गं तुझं?"

"गुणवंती."

"घाबरू नको. मी रागावणार नाही, तू काहीही सांगितलंस तरी. शेवटची पाळी कधी आली?"

आतून उत्तर आलं नाही.

"आठवत नाही? महिना, दोन महिने?"

"आली नाही."

"कधीपासून आली नाही?"

"कधीच नाही," गुणी म्हणाली. "एकदाही नाही."

रमाबाईंचा आवाज बदलला. "आणि पोट दुखतं?"

"दर महिन्याला. तीन-चार दिवस. दीड-दोन वर्षं झाली. आता जास्तच दुखतं."

"कुणाला सांगितलंस?"

"आईला ठाऊक आहे. ती म्हणाली, कुणाला सांगायचं नाही. शाळेत मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी पण सांगते, मला आली म्हणून." आता ती रडत होती. "पुस्तकात धडा आहे. बाईंनी वर्गात घेतला नाही, घरी वाचा म्हणाल्या. मी वाचला. त्यात मुलींना येतेच असं लिहिलंय. न आली तर काय, ते नाही लिहिलेलं."

"कुठल्या मुलाबरोबर, माणसाबरोबर काही झालं होतं? कुणी जबरदस्ती केली?"

"नाही हो. कुणीच नाही. बाबांना सांगा ना तुम्ही."

बाकावर सखुबाईने पदर तोंडाला लावला. लहू उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

रमाबाईंनी गुणीला तपासलं आणि चिठ्ठी लिहून स्वतःच बाहेर आल्या. "टॅक्सी करा आणि मोठ्या हॉस्पिटलात जा. बायकांच्या विभागात ही चिठ्ठी दाखवा. मूल वगैरे काही नसावं, असं मला वाटतंय. नक्की काय ते डॉक्टर सांगतील." मग सखुबाईकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि समजा असतं, तरी त्यासाठी सरकारी हॉस्पिटल आहे. कायद्याने होतं ते तिथे, नीट होतं. पोरीला मारायचं होतं का तुम्हाला?"

सखुबाई टॅक्सी बघायला धावली. टॅक्सीत ती गुणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

हॉस्पिटलात नळी घालून आधी लघवी काढली, तेव्हा गुणीचा कण्हण्याचा आवाज थांबला. दुपारी डॉक्टर धुरंधर नावाच्या बाईंनी लहूला बोलावलं. चाळिशीच्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. त्यांनी केसपेपरच्या मागे एक चित्र काढलं.

"ही गर्भाची पिशवी. हा बाहेर यायचा रस्ता. रस्त्याच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो, त्याला भोक असतं. तुमच्या मुलीच्या पडद्याला जन्मापासूनच भोक नाही. तिला पाळी येते, अगदी सगळ्यांसारखी येते. फक्त रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. दीड-दोन वर्षांचं रक्त आत साठलंय. पोट दिसतं ते त्याचं. लघवीची जागाही त्यानेच दाबली गेली."

लहू चित्राकडे बघत राहिला. "म्हणजे मूल..."

"मूल नाही. तसा काही संबंधच आलेला नाही. छोटं ऑपरेशन आहे. पडदा थोडा कापायचा, वाट करून द्यायची. दोन-चार दिवसांत घरी. पुढे लग्न, मुलंबाळं, सगळं नेहमीसारखं."

"कापल्यावर..." त्याने चित्रातल्या पडद्यावर बोट ठेवलं. "लग्नात कुणी काही म्हणालं तर?"

"कागद देते मी सही-शिक्क्याचा, ऑपरेशन का केलं त्याचा. पण असं विचारणाऱ्याच्या घरी मुलगी देऊ नका, हे माझं मत." त्या उठल्या. "सही तुमची लागेल. आधी मी तिला समजावून सांगते. शरीर तिचं आहे."

लहूने सही केली आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. लोक त्याला वळसा घालून वर-खाली करत होते. मूल नाही, हे ऐकल्यावर पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. पण मग उजव्या हाताकडे लक्ष गेलं आणि त्याला तिथून उठवेना.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन झालं. वॉर्डात पुरुषांना संध्याकाळी तासभरच सोडत. गुणी उशीला टेकून बसली होती, चेहरा थकलेला पण मोकळा. लहूने डब्यातून पेज आणली होती. सखुबाईने केलेली.

"दुखतंय?"

"नाही. हलकं वाटतंय."

तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत-काढत राहिला. "गुणी, मी चुकलो. तुला विचारायला हवं होतं."

"विचारलंत की तुम्ही." तिचा आवाज शांत होता. "कोण, असं विचारलंत. काय झालं, ते नाही विचारलंत."

तिने त्याच्या हातातून डबा घेतला आणि पेज पिऊ लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मीठ बरोबर आहे आज." तेव्हा त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

शेवंती रविवारी पहाटेच्या एस्टीने परळला उतरली, चाळीत सखुबाईकडून कळलं तशी थेट हॉस्पिटलात आली. पोरीला कुशीत घेऊन बसली, आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर लहूने विचारलं तेव्हा तिने काही लपवलं नाही.

"माका म्हायत होता. सोळावा लागला तरी काय नाय. लोक वांझ म्हणतले, पोरीक कोण पत्करतला? देवीक नारळ ठेवलंय. तुमका कित्या सांगू? तुमी काय करतलास?"

लहूला राग आला होता, पण तो राग काढायला त्याच्यापाशी तोंड नव्हतं. "काय करणार होतो, ते बघितलंसच," तो म्हणाला. "पुढच्या वेळी सांग. निदान मारणार तरी नाही."

शेवंती आठ दिवस राहिली. डॉक्टर धुरंधरांनी तिला शेजारी बसवून तेच चित्र पुन्हा काढून दाखवलं. तिने तीनदा विचारलं, पोर होईल ना, आणि तिन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं. मग गुणीची शाळा पुन्हा सुरू झाली, भातकापणी आली आणि शेवंती परत गेली.

लहू फणसवाडीला जाऊन उत्तमला भेटला. मामाच्या बिऱ्हाडात, सगळ्यांच्या देखत त्याने हात जोडले. उत्तम अवघडला. "जाऊ द्या हो, काका," म्हणाला. पण तो चाळीत राहायला परतला नाही, आणि त्याच्या आईने लहूशी बोलणं टाकलं ते टाकलंच. नाक्यावर कॉलर धरताना दहा जण होते. खरं काय ते सांगायला लहू एकेकाकडे गेला, तर अर्ध्यांनी नीट ऐकूनही घेतलं नाही. ऑपरेशनबद्दल सांगताना त्याची जीभ अडखळायची. तरी तो सांगत राहिला. पोरीबद्दल खोटं पसरायला एक सकाळ लागली होती, खरं पसरायला पावसाळा संपून थंडी आली.

महिन्याभराने एका सकाळी गुणी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "बाबा, मला पाळी आली."

लहूच्या हातात पळी होती. अशा वेळी बापाने काय म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "दुखतंय?" त्याने विचारलं.

"थोडंसं. सगळ्यांना दुखतं तेवढंच. रमाबाईंनी सांगितलंय काय करायचं ते." आणि मग, तो तसाच उभा बघून ती म्हणाली, "भात करपतोय."

त्यानंतर रमाबाईंनी लहूला एक काम सांगितलं, चाळीच्या मंडळाकडून खोली मिळवून द्यायचं. चाळीतल्या मोठ्या मुलींना आठवड्यातून एक तास त्या काही गोष्टी समजावून सांगणार होत्या. शरीराच्या, पाळीच्या, केव्हा दवाखान्यात यायचं त्याच्या. चार वर्षं त्या जागा मागत होत्या आणि मंडळवाले देत नव्हते. मंडळाच्या खोलीत तेव्हा संपाच्या बैठका होत. लहूने बैठकीत विषय काढला तेव्हा एकजण म्हणाला, "असल्या गोष्टी मुलींना सांगून बिघडवायच्या का?"

"माझ्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं," लहू म्हणाला. "तिचं काय झालं, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही पण बोललातच की."

खोली मिळाली, मंगळवारची दुपारची. पहिल्या दिवशी पाच मुली आल्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला तीन आया. त्या आयांनीच जास्त प्रश्न विचारले. सखुबाई नात घेऊन आली आणि पुढे बसली.

संप मिटल्याचं कुणी कधी सांगितलं नाही. काहींना परत घेतलं, लहूला घेतलं नाही. पुढल्या वर्षी त्याला प्रभादेवीच्या एका छापखान्यात वॉचमनचं काम मिळालं. गुणी दहावीला गणितात नापास झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसून पास झाली. उत्तम असता तर मार्चमध्येच सुटली असती, असं लहूला वाटायचं, पण ते तो बोलून दाखवत नसे.

त्याच सुमारास एका रविवारी तळमजल्यावरचा कुशाबा आला. लहूसारखाच गिरणीतून सुटलेला, आता दादरला भाजी विकणारा. दारातच घुटमळला. लहूने चहा टाकला. चहा अर्धा झाला तेव्हा कुशाबाने बशी खाली ठेवली.

"लहू, ती नर्सबाई कुठल्या खोलीत बसते रे?"

"कोण आजारी आहे?"

"धाकटी. मंजुळा." कुशाबा फरशीकडे बघत म्हणाला. "तिला ते चालू होऊन पंधरा दिवस झाले, थांबतच नाही. चालताना चक्कर येते म्हणते. बायको म्हणते थांबेल आपोआप. पण पोरगी अगदी पिवळी पडली. कुणाला सांगू नको."

"रविवारी दवाखाना बंद असतो," लहू म्हणाला. "पण थांबायला नको. मोठ्या हॉस्पिटलात बायकांचा विभाग उघडा असतो. चल, मी येतो तुझ्याबरोबर."

खिडकीशी बसलेल्या गुणीने वही मिटली आणि उठून केसांना पिन लावली.

"तुम्ही दोघं नका येऊ, काका," ती कुशाबाला म्हणाली. "तिला तुमच्यासमोर बोलता यायचं नाही. मी नेते तिला. काकूंना म्हणावं, तुम्हीपण चला."

कुशाबाने लहूकडे बघितलं. लहूने मान हलवली. गुणी चपला घालून जिना उतरली, आणि खाली तिने मंजुळाला हाक मारलेली दोघांनी वरून ऐकली.